आम्ल विरल करताना: आधी बाटलीवरचे दोन आकडे वाचा

प्रात्यक्षिकाच्या वहीत एक ओळ असते: ‘१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ५०० मिली, तयार करा.’ समोरच्या संहत आम्लाच्या बाटलीवर मात्र मोलर हा शब्द बहुधा सापडत नाही. तिथे शेकड्यात एक आकडा असतो, ३५ ते ३८ च्या दरम्यानचा, आणि ‘दर मिली वजन’ म्हणून दुसरा, १.१८ किंवा १.१९ ग्रॅम. विद्यार्थी या दोन्ही आकड्यांकडे पाहत नाही. त्याला ‘एम१ व्ही१ = एम२ व्ही२’ पाठ असतं, त्यात एम१ च्या जागी काय घालायचं एवढंच तो शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजारी सांगतो, ‘बारा घे.’

बारा हे उत्तर फारसं चुकीचं नाही, पण ते कुठून आलं हे ठाऊक नसेल तर बाटली बदलली की अडतं, आम्ल बदललं तर पुरतंच अडतं. विरल करण्याचं सूत्र एका ओळीचं आहे. त्यात कोणता आकडा घालायचा, पाणी कसं धरायचं आणि आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, या तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वर्गात मात्र त्यांनाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

सूत्रामागचा विचार साधा आहे. आमटीत पाणी वाढवलं तर ती अळणी लागते, पण भांड्यातलं मीठ तेवढंच राहतं. संहत आम्लाच्या ४० मिलीमध्ये जेवढे मोल आम्ल आहे, तेवढेच मोल ते पाण्यात मिसळून अर्धा लिटर केल्यावरही असतात. मोलॅरिटी म्हणजे एका लिटरमधले मोल. तिला लिटरमधल्या आकारमानाने गुणलं की मोल मिळतात. आधीचे मोल आणि नंतरचे मोल सारखे, म्हणून एम१ व्ही१ आणि एम२ व्ही२ सारखे. आकारमान दोन्हीकडे मिलीमध्ये घेतलं तरी चालतं, फक्त एकीकडे मिली आणि दुसरीकडे लिटर नको.

आता लेबल वाचू. समजा त्यावर ३७ टक्के आणि दर मिली १.१९ ग्रॅम लिहिलं आहे. हे ३७ टक्के वजनाचे असतात: १०० ग्रॅम आम्लद्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड, उरलेलं पाणी. मोलॅरिटीसाठी आपल्याला लिटरचा हिशेब हवा, आणि वजनाकडून लिटरकडे नेणारा पूल म्हणजे घनता. एक लिटर द्रावणाचं वजन १.१९ × १००० = ११९० ग्रॅम. त्यातलं ३७ टक्के, म्हणजे सुमारे ४४० ग्रॅम, खरं आम्ल. हायड्रोजन क्लोराइडचा रेणुभार ३६.४६. भागाकार केला की १२.१ मोल येतात. ही बाटली १२.१ मोलर आहे.

हेच थोडक्यात लिहायचं तर टक्केवारी × घनता × १० ÷ रेणुभार. दहा कुठून आला? लिटरसाठी हजाराने गुणलं, टक्क्यांसाठी शंभराने भागलं, उरले दहा. सूत्र विसरलात तरी ‘एक लिटरचं वजन किती, त्यात आम्ल किती, त्याचे मोल किती’ एवढे तीन प्रश्न क्रमाने विचारले की पुन्हा तिथेच पोहोचता. मी विद्यार्थ्यांना सूत्रापेक्षा हे तीन प्रश्न लक्षात ठेवायला सांगेन.

आता आपलं काम: १ मोलर, ५०० मिली. व्ही१ = (१ × ५००) ÷ १२.१ = ४१.३ मिली. पण शेजारच्या कपाटातल्या बाटलीवर ३५ टक्के आणि १.१८ असेल तर? ३५ × १.१८ × १० ÷ ३६.४६ = ११.३ मोलर. त्या बाटलीतून ४४.२ मिली घ्यावं लागेल. दोन्ही बाटल्या ‘संहत हायड्रोक्लोरिक’ याच नावाच्या, आणि फरक सुमारे सात टक्क्यांचा. म्हणून ‘बारा घे’ हा सल्ला अपुरा.

बाकीच्या आम्लांचेही आकडे ओळखीचे असावेत, निदान आपलं उत्तर भलतीकडे गेलं तर खटकावं म्हणून. सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के, घनता १.८४, रेणुभार ९८.०८, मोलॅरिटी १८.४. नायट्रिक साधारण ६९ ते ७० टक्के, घनता १.४१ ते १.४२, मोलॅरिटी साडेपंधरा ते पावणेसोळा. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल जवळजवळ शुद्ध असतं, घनता १.०५, मोलॅरिटी सतरा-साडेसतरा. फॉस्फोरिक ८५ टक्के, घनता १.६९ च्या आसपास, मोलॅरिटी पावणेपंधराच्या जवळ. हिशेबात एखाद्या संहत आम्लाची मोलॅरिटी १८० किंवा १.८ आली, तर दशांशचिन्ह हललेलं आहे.

टक्केवारीत एक सापळा आहे आणि त्यात हुशार मुलंही अडकतात. प्रयोगाच्या कृतीत ‘१० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल’ लिहिलेलं असतं. अशा वेळी अर्थ बहुधा १०० मिली द्रावणात १० ग्रॅम आम्ल असा असतो, म्हणजे वजन आणि आकारमान यांचा टक्का. बाटलीवरचा ३७ हा वजन आणि वजन यांचा टक्का. दोन्ही ‘टक्के’च, म्हणून थेट १० × १०० ÷ ३७ करून २७ मिली आम्ल घेतलं जातं. खरं तर ते २७ ग्रॅम आहे. त्याला १.१९ ने भागलं की २२.७ मिली. सल्फ्युरिकमध्ये घनता १.८४ असल्याने हीच चूक जवळजवळ दुपटीची होते. कृतीत कोणता टक्का अभिप्रेत आहे ते स्पष्ट नसेल तर शिक्षकांना विचारा. अंदाज करू नका.

नॉर्मॅलिटी आता पुस्तकांतून मागे सरली असली तरी आपल्या प्रयोगशाळांच्या बाटल्यांवर आणि जुन्या कृतींमध्ये ती ठाण मांडून आहे. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकमध्ये काळजी नाही, एक मोलर म्हणजेच एक नॉर्मल. सल्फ्युरिकच्या एका रेणूतून दोन हायड्रोजन आयन मिळतात, म्हणून १८.४ मोलर म्हणजे ३६.८ नॉर्मल. ‘२ नॉर्मल सल्फ्युरिक, ५०० मिली’ हवं असेल तर ते १ मोलर झालं, आणि लागणारं संहत आम्ल २७.२ मिली. दोन नॉर्मलला दोन मोलर समजलात तर ५४ मिली ओतून बसाल, आणि जास्तीच्या उष्णतेलाही तोंड द्यावं लागेल. सूत्राच्या दोन्ही बाजूंना एकच एकक ठेवा, मग नॉर्मॅलिटी असो की मोलॅरिटी, हिशेब चुकत नाही.

तसंच ‘१:४’ या लिखाणाचं. एक भाग आम्ल आणि चार भाग पाणी, असा अर्थ घेतला तर एकूण पाच भाग होतात आणि १२.१ मोलरचं २.४ मोलर होतं. ‘एकूण चार भागांत एक’ असं समजलं तर ३ मोलर. स्वतः लिहिताना ‘१ + ४’ असं लिहा, वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

आता पाण्याकडे येऊ. ५०० मधून ४१ वजा केले, ४५९ उरले, म्हणून ४५९ मिली पाणी मोजून घेतलं, असं अनेक जण करतात. सूत्रात मात्र पाण्याचं आकारमान कुठेही नाही. व्ही२ हे तयार द्रावणाचं आकारमान आहे. द्रव मिसळले की आकारमानांची बेरीज होतेच असं नाही, आणि सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर ती ठळकपणे होत नाही.

गॅरेजमध्ये ज्याला बॅटरीचं ॲसिड म्हणतात ते उदाहरणाला घेऊ. चार्ज झालेल्या मोटारीच्या बॅटरीत हायड्रोमीटर १.२८ च्या आसपास दाखवतो. त्या घनतेला आम्ल वजनाने साधारण ३७ टक्के असतं. असं एक लिटर द्रावण म्हणजे १२८० ग्रॅम, त्यात शुद्ध आम्ल ४७४ ग्रॅम. ९८ टक्क्यांच्या बाटलीतून तेवढं मिळवायला ४८३ ग्रॅम, म्हणजे २६३ मिली आम्ल लागतं. मग पाणी किती? वजनं खरोखर बेरजेने वाढतात, म्हणून १२८० वजा ४८३, म्हणजे ७९७ ग्रॅम, म्हणजेच सुमारे ७९७ मिली. आता २६३ आणि ७९७ यांची बेरीज करा: १०६० मिली. भांड्यात मात्र १००० मिलीच दिसतात. साठ मिली कुठेही सांडलेले नाहीत. पाणी आणि आम्ल यांचे रेणू एकमेकांना इतक्या जोराने ओढतात की मिश्रण आकसतं. जो माणूस १००० मधून २६३ वजा करून ७३७ मिली पाणी घेईल, त्याचं द्रावण लिटरपेक्षा कमी भरेल आणि ३७ ऐवजी ३९ टक्क्यांच्या जवळ जाईल.

यातून सवय एकच लावायची. सूत्राने संहत आम्लाचं आकारमान काढा, आणि पाणी शेवटी खुणेपर्यंत भरा. ५०० मिलीत ४१ मिली अशा विरल द्रावणात आकसण्याचा परिणाम नगण्य असतो हे खरं, तरीही सवय तीच ठेवा. पाणी आधी मोजायचंच असेल तर वजनाने हिशेब करा, आकारमानाने नाही. जाता जाता, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पातळी उतरली की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आम्ल नाही, याचंही कारण मोलच्या हिशेबातच आहे: चार्जिंगमध्ये आणि उन्हाळ्यात पाणी उडून जातं, आम्ल आत तसंच राहतं.

पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही, हे शाळेपासून ऐकलेलं असतं. कारण समजलं की हात आपोआप सावध होतो. सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४, पाण्याची १. आम्लावर पाणी ओतलं तर ते वर तरंगतं, आणि जिथे दोन्ही भेटतात त्या पातळ थरात सगळी उष्णता निर्माण होते. पाणी १०० अंशांना उकळतं, आम्लाला उकळायला ३०० अंशांहून बरंच जास्त लागतं. वरच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती आम्लाचे थेंब घेऊन तोंडावर उडते. उलट पाण्यात आम्ल ओतलं तर ते खाली जातं, आणि उष्णता शोषायला भोवती भरपूर पाणी असतं.

पण एवढा नियम पाळूनही अपघात होतात, कारण नियमाचा दुसरा अर्धा भाग सांगितला जात नाही: हळूहळू आणि सतत ढवळत. जड आम्ल ढवळल्याशिवाय ओतलं तर ते तळाशी साचून राहतं. वरून सगळं शांत दिसतं. मग कुणीतरी काचेची कांडी फिरवतो आणि साचलेली सगळी उष्णता एकदम बाहेर येते. किती उष्णता? १ मोलर सल्फ्युरिक बनवताना द्रावण साधारण पंधरा-सतरा अंशांनी तापतं, ते हाताला कळतं आणि सोसवतं. बॅटरीच्या ताकदीचं द्रावण एकदम मिसळलं, तर तापमान सत्तर अंशांच्या आसपास चढू शकतं. तीस अंशांच्या खोलीत याचा अर्थ उकळत्या पाण्याच्या उंबरठ्यावरचं आम्ल. द्रावण जितकं तीव्र हवं, तितका वेळ जास्त द्यायचा.

कृती अशी करा. गॉगल, हातमोजे, सुती ॲप्रन, बंद बूट. काम फ्यूम हूडमध्ये. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकसाठी तर ते हवंच, कारण तिथे उष्णतेपेक्षा धूर त्रास देतो. ५०० मिली द्रावणासाठी एक लिटरच्या बोरोसिलिकेट बीकरमध्ये सुमारे ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवा. आम्ल कोरड्या मेझरिंग सिलिंडरने मोजा. पिपेट वापरायचीच असेल तर रबरी बल्बने. तोंडाने ओढायची नाही, कितीही सराव असला तरी. आम्ल कांडीवरून बारीक धारेने सोडा आणि ढवळत राहा. बीकर बाहेरून हाताला गरम लागली की थांबा, निवू द्या, मग पुढे.

सगळं आम्ल घालून झाल्यावर द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. घाईत ही पायरी गाळली जाते. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असं तापमान छापलेलं असतं. त्या तापमानाला तिची खूण खरी. गरम द्रावण खुणेपर्यंत भरलं तर निवल्यावर पातळी खाली उतरते, म्हणजे द्रावण ठरवल्यापेक्षा तीव्र होतं. निवलेलं द्रावण फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला, खुणेपर्यंत भरा, बूच लावून अनेकदा उलटंसुलटं करा. फ्लास्कच्या निमुळत्या मानेमुळे नुसतं हलवून मिश्रण एकसारखं होत नाही. आणि संहत आम्ल थेट फ्लास्कमध्ये कधी विरल करू नका. अरुंद मानेत ढवळता येत नाही आणि उष्णतेने काचेला तडा जाऊ शकतो.

फार विरल द्रावण हवं असेल तेव्हा एका उडीत जाऊ नका. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक एक लिटर करायला १२.१ मोलरमधून फक्त ०.८३ मिली लागतं. सिलिंडरवर तेवढं मोजताच येत नाही, आणि पिपेटने एक दशांश मिलीची चूक झाली तरी उत्तर बारा टक्क्यांनी चुकतं. आधी १ मोलर बनवा, त्यातले १० मिली पिपेटने घेऊन एक लिटर करा. दहा मिलीत एक दशांशाची चूक झाली तर फरक एक टक्क्याचाच. शिवाय दुसऱ्या पायरीत धूर नाही, उष्णता नाही, काम निवांत होतं.

आता मोठा प्रश्न: समजा ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक बनवायचं होतं, तर एवढं सगळं नीट केल्यावर द्रावण खरंच ०.१ नॉर्मल झालं का? प्रामाणिक उत्तर, जवळपास. बाटली उघडताना प्रत्येक वेळी हायड्रोजन क्लोराइड वायू निघून जातो, म्हणून जुनं हायड्रोक्लोरिक लेबलपेक्षा कमी ताकदीचं असतं. सल्फ्युरिक हवेतली वाफ ओढून घेतं आणि तेही हळूहळू उतरतं. त्यात लेबलवर पुष्कळदा ‘३५ ते ३८’ असा पल्लाच दिलेला असतो. म्हणून सूत्राने मिळतं ते अंदाजे द्रावण. धातू धुणं, कार्बोनेटची परीक्षा, पीएच ढोबळमानाने खाली आणणं, यांना ते पुरतं. ज्या आकड्यावर पुढचं गणित उभं राहणार, तिथे टायट्रेशन केल्याशिवाय भागत नाही.

त्यासाठी निर्जल सोडियम कार्बोनेट वापरतात. ते सुमारे २५० ते २७० अंशांना तापवून डेसिकेटरमध्ये निववायचं, म्हणजे वजनात ओलावा येत नाही. त्याचा तुल्यभार ५३. समजा ०.१३२५ ग्रॅम तोलून पाण्यात विरघळवलं, मिथाइल ऑरेंजचे दोन-तीन थेंब घातले आणि ब्युरेटमधून आपलं आम्ल सोडलं. पिवळा रंग नारिंगीकडे वळला तेव्हा २४.४ मिली गेलं होतं. नॉर्मॅलिटी = ०.१३२५ × १००० ÷ (५३ × २४.४) = ०.१०२५. पुन्हा दोन वेळा करून वाचनं जुळतात का ते पाहा. मग ते नेमकं ०.१ करण्यासाठी थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. बाटलीवर ०.१०२५ नॉर्मल लिहा आणि पुढच्या गणितात तोच आकडा घ्या. ‘अंदाजे बनवा, काटेकोर मोजा’ ही विश्लेषणाच्या प्रयोगशाळेतली रीत वेळही वाचवते आणि चूकही.

ताकद थोडी हुकली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण दूध संकलन केंद्रावर दिसतं. गर्बर पद्धतीने फॅट काढताना सल्फ्युरिक आम्ल वापरतात, पण ९८ टक्क्यांचं नाही. साधारण ९० ते ९१ टक्क्यांचं, घनता १.८१ च्या आसपास. आम्ल जास्त तीव्र असेल तर फॅट करपतं आणि ब्युटिरोमीटरमध्ये काळे कण दिसतात. कमी असेल तर प्रथिनं पूर्ण विरघळत नाहीत आणि फॅटच्या स्तंभाखाली पांढरट कण राहतात. दोन्ही वेळा रेघ नीट वाचता येत नाही, आणि शेतकऱ्याच्या दुधाचा भाव त्या रेघेवर ठरतो. हिशेब वजनाने करायचा: एक लिटर ९८ टक्क्यांचं आम्ल म्हणजे १८४० ग्रॅम, ते ९०.५ टक्क्यांवर आणायला १८४० × (९८ ÷ ९०.५ − १), म्हणजे सुमारे १५२ ग्रॅम पाणी. गणित दोन ओळींचं आहे, पण लिटरभर आम्लाला दीडशे मिलीच पाणी असल्याने उष्णता शोषायला जवळजवळ काहीच नसतं. मिसळताना मध्येच तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जाऊ शकतं. त्यामुळे केंद्रावर हे आम्ल स्वतः बनवू नये, तयार गर्बर आम्लच विकत घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घेताना मात्र घनता तपासून घ्यावी.

हार्डवेअरच्या दुकानात फरशी आणि संडास धुण्यासाठी मिळणारं ॲसिडही या हिशेबांत घेऊ नका. त्याच्या टक्केवारीचा भरवसा नसतो. ते ब्लीचमध्ये तर अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

आम्ल अंगावर उडालंच तर लगेच वाहत्या नळाखाली, निदान पंधरा मिनिटं, आणि भिजलेले कपडे त्याच वेळी काढून टाका. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या ठेवून तेवढाच वेळ पाणी, आणि थेट डॉक्टरांकडे. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे, कातडीसाठी नाही. तयार द्रावणाच्या बाटलीवर आम्लाचं नाव, ताकद आणि तिचं एकक, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याची सही लिहा. टायट्रेशन केलं असेल तर त्याची तारीखही. संहत आम्लाच्या बाटलीवर ती पहिल्यांदा उघडल्याची तारीख टाका, म्हणजे सहा महिन्यांनी तीच बाटली हाती घेणाऱ्याला लेबलवरच्या ३७ चा किती भरवसा धरायचा ते कळेल.